शिव्यांचा मानकरी

आमच्या बाबांनी त्या माणसाला जन्मभरात जितक्या शिव्या दिल्या, त्यातल्या चार जरी माझ्या वाट्याला आल्या असत्या, तरी मी त्याचा एवढा दुस्वास केला नसता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, ते केवळ वयाकडे बघून. मनात कायम अरे-तुरेच चालायचं, आणि आता लिहायलाच बसलेय तर मनातलंच लिहिते.

आमचं गॅरेज बेंगळूरच्या पीण्यात, कारखान्यांच्या वस्तीत. दोन्ही अंगांना लेथचे कारखाने, समोर उडप्याचं हॉटेल. बाबा निपाणीहून इथे फिटर म्हणून आले आणि पुढे त्यांनी स्वतःची शेड टाकली. तो माणूस त्यांच्याकडे लागला तेव्हा मी शाळेत होते. घरात बाबांचं एकुलतं एक लेकरू मी. पण बाबा घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. बाकीचा सगळा दिवस त्याचा.

सगळे त्याला मेस्त्री म्हणत. मूळचा बेंगळूरचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि बोलताना दोन्हींची भेळ. 'आमचे लोक मराठ्यांच्या फौजेबरोबर तोफा ओढत आले,' असं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. कधी तोफांच्या जागी हत्ती असायचे. एकाला त्याने सांगितलं की त्याचे पणजोबा राजवाड्यातल्या पहिल्या मोटारीचे ड्रायव्हर होते. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "परवा तर ते देवळात पुजारी होते."

"ते दुसरे पणजोबा, अक्का," तो जराही न शरमता म्हणाला. "माणसाला पणजोबा चार असतात की."

कप्पाळ माझं! गिऱ्हाईक हसलं, बाबा हसले, आणि मीच मूर्ख ठरले. खोटं बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पीण्यात नव्हता. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक तुटलेलं होतं, त्याच्या गोष्टी तर दर पावसाळ्याला बदलायच्या: मगर, फॅनबेल्ट, बायकोने आपटलेलं दार. फक्त एक खूण होती. खोटं बोलायच्या आधी तो घसा खाकरायचा आणि शर्टाची कॉलर सारखी करायचा. ही खूण मला ठाऊक होती. बाबांना ठाऊक होती की नाही, देव जाणे.

आणि तो शर्ट! पांढरा, कडक इस्त्रीचा. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालून इंजिनात हात घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आम्ही बाकीचे संध्याकाळपर्यंत कोळशाच्या पोत्यासारखे व्हायचो, आणि हा मात्र लग्नाला निघाल्यासारखा. कामगार म्हणत, तेल मेस्त्रींना भितं. त्या शर्टावर कधीतरी एक डाग पडावा म्हणून मी वर्षानुवर्षं टपून बसले होते. हे माझं गॅरेजमधलं एकमेव व्रत होतं असं म्हटलं तरी चालेल.

गाडी तपासायची त्याची तऱ्हाही जगावेगळी. आधी आत बसून आरसा आपल्याकडे वळवायचा आणि केस विंचरायचे. मग तो आरसा पुन्हा सारखा करायचा नाही, त्यावरून गिऱ्हाइकांची रोजची कटकट. केस झाले की डॅशबोर्डवर हात ठेवून गाडीशी बोलायचा, तेही मराठीत. "काय गं, काय दुखतंय? कोण काय बोललं तुला?" मी एकदा विचारलं, कर्नाटकातली गाडी, तिच्याशी मराठी कशाला? तर म्हणे, "रस्त्यावर दिवसभर सगळे तिला कन्नडात आणि इंग्लिशमध्ये शिव्या देतात. घरची भाषा ऐकली की स्वल्प मोकळी होते." एवढं सगळं करून या गृहस्थाला गाडी चालवता येत नव्हती. बसने यायचा, मेट्रो आल्यावर मेट्रोने. कुणी छेडलं तर ठरलेलं उत्तर, "डॉक्टर काय स्वतः बाळंत होतो का?"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझं दुखणं वेगळं होतं.

बाबांच्या तोंडात शिव्या होत्या, पण त्या कुणालाही मिळत नसत. गिऱ्हाइकाला नाही, नव्या कामगाराला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. नव्या माणसाशी बाबा अदबीने बोलायचे. चुकला तर गप्प राहून स्वतः काम नीट करून टाकायचे. ज्या दिवशी पहिल्यांदा "अरे रेड्या, डोळे फुटले काय तुझे?" असं ऐकू यायचं, त्या दिवशी तो कामगार समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना म्हैसूरपाक वाटायचा. तो गॅरेजचा माणूस झाला, असा त्याचा अर्थ. आणि या शिव्यांचा पहिला मानकरी मेस्त्री. सकाळी शटर वर जायच्या आत त्याची पहिली शिवी वसूल झालेली असायची. "आलास होय, खुळ्या? केस विंचरून झाले असले तर जॅक आण." तो कन्नडात "सरी, अण्णा", म्हणजे 'बरं', म्हणायचा आणि दिवसभर फुललेला असायचा.

मी डिप्लोमा केला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी केली, आणि एके दिवशी राजीनामा देऊन शेडमध्ये येऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, "बरं केलंस, बाळ." मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला! अहो, खुर्ची आणि पंखा कुणाला देतात? गिऱ्हाइकाला.

तसंच कॉफीचं. अकरा वाजता समोरून कॉफी यायची. बाबा आणि मेस्त्री यांची बाय-टू. एका कॉफीचे दोन वाटे, दोन छोट्या पेल्यांत. बाबा एक उचलायचे आणि दुसरा न बघता त्याच्याकडे सरकवायचे. मला मात्र पूर्ण कप, वर बशी. मी म्हटलं, बाबा, मला पण अर्धीच चालेल. तर म्हणाले, "तू पी की सावकाश, तुला कशाला अर्धी?" मी तो पूर्ण कप रोज कडू औषधासारखा प्यायले.

एकदा मी एका गाडीच्या रेडिएटरच्या पाइपची क्लिप ढिली ठेवली. बाबांनी पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत वाकले, क्लिप आवळली, आणि हात पुसत म्हणाले, "छान काम केलंयस हं." त्याच संध्याकाळी मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हर चुकीच्या खणात ठेवला म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. चारही पणजोबांसकट. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ढिल्या क्लिपेला 'छान' आणि स्क्रूड्रायव्हरला सात पिढ्या! बाबांच्या लेखी मी कारागीर नव्हतेच, पाहुणी होते. मला एक शिवी हवी होती, बस्स. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, पण डाव्या हाताची पकड गेली आणि कधी कधी कालचं आज आठवेनासं झालं. सकाळी जेवलेलं विसरायचे, पण तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे. डॉक्टर म्हणाले आराम करा. आराम करतील तर ते बाबा कसले! त्यांची स्वतःची जुनी निळी गाडी शेडच्या कोपऱ्यात इंजिन जाम होऊन पडली होती. तसल्याच, पण अपघातात मोडलेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन त्यांनी मिळवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे मी बसवणार. कुणी मधे हात घालायचा नाही. आयुधपूजेला ही गाडी माझ्या हातानं चालू झाली तर मी अजून मेकॅनिक. नाहीतर शटर ओढायचं आणि घरी बसायचं."

मेस्त्रीला फक्त साखळीची कप्पी ओढायची परवानगी होती. मला तर तेवढीही नाही. तरी तो बाबांच्या मागेपुढे असायचा आणि दिवसभर शिव्या खायचा. "खाली घे म्हटलं की खाली, वर म्हटलं की वर, एवढंही कळत नाही, भोपळ्या?" मी खुर्चीत पंख्याखाली बसून ऐकायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी आमच्याकडे रंगकाम असतं. शेड धुवायची, आणि जॅक, व्हाइस, कप्पीचा सांगाडा, हत्यारांची कपाटं, सगळ्यांना हिरव्या ऑइलपेंटचा नवा हात. हे काम बाबांचं. त्या ब्रशला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षीही त्यांनी दिवसभर रंगवलं. डब्याच्या काठावर ब्रश निपटायला डावा हात साथ देत नव्हता, म्हणून रंग जरा जाड बसत होता.

पूजेच्या दिवशी सकाळी शेड ओळखू येत नव्हती. केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, हत्यारांना हळदकुंकू. निळ्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती, दाराशी कोहळा तयार होता. शेजारचे कारखानेवाले चुरमुऱ्याच्या पुड्या घेऊन जमले होते. मी नवी साडी नेसले होते. बाबा गाडीत बसले, हात जोडले आणि चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण सेल्फ-स्टार्टर काही इंजिन फिरवेना. शेजारच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, होतं असं कधीकधी. बाबा खाली उतरले. बॉनेटशेजारी स्टूल ओढून त्यावर बसले. मी त्यांना इतकं म्हातारं त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि, अर्थातच, त्याच्याकडे पाहिलं. "बघ रे."

मी वायरिंगवाली. हा सरळ सरळ विजेचा दोष. आणि बघ रे कुणाला? तर केस विंचरणाऱ्याला!

त्याने आरसा वळवला, केस विंचरले, गाडीशी कुजबुजला. मग बॉनेटखाली वाकून खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ तसाच होता. बाहेर आला, घसा खाकरला, कॉलर सारखी केली आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही समोर जाऊन कॉफी घेऊन या. एवढ्या लोकांत ती लाजायलीय."

"मी कुठं जात नाही, रेड्या. काम कर."

मग त्याने जे सुरू केलं ते बघून मला उकळ्या फुटायला लागल्या. बॅटरी काढली, परत बसवली. टर्मिनल घासले. दुसरी बॅटरी लावून पाहिली. सेल्फवर हातोडीने टकटक केलं. चावी पुसली! अहो, चावी कुणी पुसतं का? बॅटरी चांगली, हे पोराटोरालाही कळत होतं, आणि सेल्फ तर बाबांनी बाहेर तपासूनच बसवला होता. म्हणजे याला सापडत नाहीये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या पीण्यासमोर, मेस्त्रीला सापडत नाहीये! पूजेच्या दिवशी असं वाटू नये, पण मला फार फार बरं वाटलं.

"बाबा, मी बघू?"

"राहू दे गं बाळ. साडी खराब होईल."

झालं, माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, जंपर केबल उचलली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला चिमट्याने पकडलं. "बाबा, गाडीत बसा. चावी मारा."

ते बसले. चावी फिरवली आणि इंजिन घर्रकन फिरून सुरू झालं. शेडभर टाळ्या पडल्या. गाडी बंद करून मी केबल काढली, तर पुन्हा नुसतं टक. "इंजिनला अर्थिंगच मिळत नाहीये!" मी मोठ्यांदा जाहीर केलं, मेस्त्रीकडे बघून. त्याचं तोंड बघायचं होतं मला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. जमिनीकडे बघत होता.

इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते; सेल्फची वीज तिच्यातूनच बॅटरीकडे परत जाते. मी दिवा घेऊन वाकले. पट्टी जागेवर होती, घट्ट आवळलेली होती. पण जिथे ती सांगाड्यावर टेकते तिथे, पट्टीच्या खाली, हिरव्या ऑइलपेंटचा जाड थर होता. तांबं लोखंडाला लागतच नव्हतं. आदल्या दिवशी रंगवता रंगवता बाबांचा ब्रश बॉनेटच्या आतही फिरला होता, आणि मग त्यांनीच त्या रंगावर पट्टी बसवून बोल्ट आवळला होता.

आणि बोल्टच्या कडेला ताजे ओरखडे होते. कुणीतरी आत्ताच, नखाने किंवा पात्याने, लपून थोडा रंग खरवडला होता.

मी वर पाहिलं. मेस्त्रीच्या पांढऱ्या बाहीवर, मनगटाशी, हिरवा डाग होता. ज्या डागासाठी मी एवढी वर्षं टपून बसले होते, तो हाच. त्याला पहिल्याच फटक्यात सापडलं होतं. बाबा जरा बाजूला झाले असते तर त्याने रंग खरवडून गाडी चालू केली असती आणि हजार खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या. बाबा हलेनात म्हणून तो बॅटऱ्या काढत-घालत बसला होता, आणि माझ्यासमोर अडाणी ठरत होता.

बाबा उतरून माझ्याजवळ आले. "पट्टी तर मी घट्ट आवळली होती," ते पुटपुटले. माझ्या हातातला दिवा घेतला, वाकले, पाहिलं. मग सरळ होऊन विचारलं, "इथं रंग कुणी मारला?"

ते खरंच विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं. दिवा धरलेल्या त्यांच्या बोटांच्या पेरांत तोच हिरवा रंग होता. ब्रशला हात कोण लावतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि मेस्त्रीने घसा खाकरला.

कॉलरकडे त्याचा हात गेला. आता काय होणार ते मला लख्ख दिसलं. तो म्हणणार, अण्णा, माझीच चूक. मग बाबा त्याला घालणार, जन्मात घातली नसेल अशी. आणि ती शिवीही हाच घेऊन जाणार! दोष मी शोधला, साडी माझी खराब झाली, बाप माझा, आणि शिवी याला? बाबांना सांभाळून घ्यावं हे माझ्या मनात आलंच नव्हतं असं नाही, पण देवाशपथ सांगते, आधी आली ती जळजळ.

"मी मारला," मी म्हणाले.

बाबांनी दिवा माझ्या तोंडावर धरला.

"काल तुमचा ब्रश खाली होता. डब्यात रंग उरला होता. म्हटलं, आतूनही मारावा."

बाबांनी दिव्याकडे पाहिलं, दिवा धरलेल्या बोटांकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मग त्यांचा आवाज चढला. झटक्यानंतर इतका चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

"खुळे! रेडके! भिंत रंगवायलीस काय गाडी? रंगावर अर्थिंग मिळतं होय गं? कुठल्या मास्तरनं शिकवलं तुला हे? वायरिंग शिकून आलीय म्हणे! डोळे फुटले होते काय पट्टीच्या जागेवर ब्रश फिरवताना? आणि माझ्या ब्रशला हात लावायला सांगितलं कुणी, भवाने? उभी काय राहिलीस दात काढत? घे पॉलिशपेपर, घास ते!"

मी खरंच दात काढत उभी होते. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. पॉलिशपेपर घेतला आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. पट्टी आवळली. बाबांनी स्वतः बोल्ट हलवून पाहिला, आणखी एक "गाढवे" टाकली, आणि गाडीत बसून चावी मारली. निळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि लिंबं चिरडून पुढे गेली. कोहळा फुटला, कापूर पेटला, शटर ओढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मेस्त्री आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला, लेकीच्या फ्लॅटवर असतो. अठराव्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये जाऊन लोकांच्या गाड्यांशी बोलतो, असं लेक सांगते. मला फोन करतो, आणि बाबांनी आज काय शिव्या दिल्या ते पुन्हा पुन्हा विचारतो. मी एकदोन वाढवून सांगते, त्याला कळतं की काय कोण जाणे.

त्या दिवशी पूजा आटोपल्यावर समोरून कॉफी आली. नेहमीसारखीच, एक बाय-टू आणि एक पूर्ण कप बशीसकट. बाबांनी एक पेला उचलला. दुसरा न बघता सरकवला, माझ्याकडे. मेस्त्रीचा हात सवयीने पुढे आलेला होता. तो तसाच वळवून त्याने उरलेला पूर्ण कप उचलला.

मी त्याच्याकडे पाहिलं. ते तोंड मी ओळखते. इतकी वर्षं रोज अकरा वाजता ते माझं असायचं. जाता जाता तो माझ्या कानाशी वाकला. "अक्का, खोटं बोलायच्या आधी घसा खाकरायचा असतो. स्वल्प तरी."

मग तो हिरव्या बाहीचा हात पाठीमागे लपवत दाराशी जाऊन उभा राहिला. कॉफी त्याने अर्धीच प्यायली.